घरच्या शाळेचं नवं वर्ष: पुस्तकं घेण्याआधी हे ठरवा

जूनमध्ये पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जाण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा. आई-बाबा दोघंही हवेत आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. आम्ही पहिली दोन वर्षं नेमकं उलटं केलं. आधी व्यवसायमाला, चित्रमय बायबल, विज्ञानाचे संच घेतले आणि मग वर्षभर ते संपवायच्या मागे लागलो. फेब्रुवारीत लेक म्हणाली, "आई, हल्ली आपण प्रार्थनासुद्धा घाईघाईनं करतो." तिचं खरं होतं. ज्या कारणासाठी मुलांना घरी शिकवायचं ठरवलं, तेच आम्ही दिवसाच्या शेवटी ढकललं होतं.

मागच्या वह्या आधी उघडा

नवी ध्येयं लिहिण्यापूर्वी मागच्या वर्षाच्या वह्या जमिनीवर मांडा आणि त्यांचे तीन ढीग करा: जमलं ते, अर्धवट राहिलं ते, आणि जे करायला नकोच होतं ते. तिसऱ्या ढिगाकडे नीट पाहा. आमच्याकडे त्यात शेजारच्या मुलांच्या शाळेत आहे म्हणून आणलेली बरीच पुस्तकं निघाली. मग मुलांना विचारा: काय आवडलं, कशाची भीती वाटते? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मध्ये बोलू नका. सात वर्षांचं मूलही "मला मोठ्यानं वाचायची लाज वाटते" असं सांगतं, आणि त्यातून वर्षाचं एक ध्येय मिळतं.

चार ओळी, जास्त नाहीत

लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं ५२ वं वचन आम्हाला चौकट म्हणून फार उपयोगी पडलं. येशू ज्ञानानं, शरीरानं, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे वाढीच्या चार बाजू. प्रत्येक मुलासाठी एकेका बाजूला एकच ओळ लिहायची. पाचवी ओळ सुचली तर आधीची एक खोडायची.

ओळ लिहिताना बहुतेक जण अडखळतात. "गणित सुधारणे" हे ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. "दिवाळीपर्यंत तीन अंकी संख्येचा भागाकार न विचारता करेल" हे ध्येय, कारण ते झालं की नाही हे दिवाळीत डोळ्यांना दिसतं. "देवाच्या जवळ जावं" हे मात्र असं मोजता येत नाही आणि मोजूही नये. मुलाच्या विश्वासाला गुण देणारे आपण कोण? तिथे फक्त आपल्या हातात असलेली गोष्ट लिहा. मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. दोन आठवड्यांना एक अध्याय, सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं. ३२ आठवड्यांत पूर्ण होतं आणि प्रश्न विचारायला भरपूर वेळ उरतो. वचनपाठाची स्पर्धा लावू नका. स्तोत्र १२१ सगळ्या घराला एकत्र पाठ झालं तर ते पुढे जन्मभर पुरतं.

शरीराच्या ओळीत आमच्या मुलाची आठवड्यातून तीन सकाळी वेताळ टेकडी आहे. माणसांच्या ओळीत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींकडे दर पंधरवड्याला जाऊन त्यांना वाचून दाखवणं आहे. मोठ्यानं वाचायची लाज तिथेच हळूहळू गेली.

आठवडे खरे मोजा

बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. आपला खर्च म्हणजे आठवडे. जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेर साधारण ४५ भरतात. त्यातून गणपतीचा एक वजा करा, कारण पेठांजवळ राहत असाल तर त्या दिवसांत आवाज आणि बंद रस्ते यांत अभ्यास होत नाही. दिवाळीचे दोन, नाताळचे दोन, पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या पवित्र आठवड्याचा एक, गावचं लग्नकार्य एक, आजारपणाचे दोन. उरले ३६. आठवड्याला चार दिवस अभ्यासाचे धरले तर १४४ दिवस. आता पुस्तकातले धडे मोजा आणि भागाकार करा. धडे बसत नसतील तर दिवस ताणू नका, धडे गाळा.

पुस्तकांबद्दल फार लिहीत नाही. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, सुरुवातीला तेवढी पुरे.

उतरंड लावा

आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असायची. सर्वांत मोठं मडकं तळाशी, कारण सगळा भार त्याच्यावर. प्राधान्यक्रम तसाच लावायचा. कागदाच्या तळापासून वर लिहीत जा. आमच्याकडे तळाला कौटुंबिक प्रार्थना आणि वचन, त्यावर वाचन, त्यावर गणित, मग लेखन, इंग्रजी, विज्ञान-इतिहास आणि सर्वांत वर चित्रकला व कीबोर्ड. वरचं मडकं काढलं तरी खालची हलत नाहीत.

मग सर्वांत वाईट दिवसाची कल्पना करा. जुलैचा पाऊस, एक मूल तापानं निजलेलं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आहे. त्या दिवशी फक्त तळाची तीन मडकी: दहा मिनिटं प्रार्थना, वीस मिनिटं वाचन, पाच गणितं. एवढं झालं की शाळा झाली असं आधीच ठरवून ठेवा, म्हणजे रात्री अपराधी वाटून मुलांवर ओरडणं होत नाही. मला या एका नियमानं सर्वांत जास्त सावरलं.

परीक्षेचं आधी पाहून ठेवा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वयोगट ६ ते १४. त्यात घरच्या शाळेसाठी वेगळी नोंदणी किंवा नियमावली नाही. म्हणून तारखांसह कामाची नोंद आणि वह्यांचे नमुने आपणच जपून ठेवावेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, दहावी करता येते. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे विषय थोडे थोडे करून देता येतात. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर यंदाच्या कागदावर प्रवेशाचं वर्ष लिहाच, आणि सध्याचे नियम व तारखा एनआयओएसच्या पुण्यातल्या प्रादेशिक केंद्रातून पडताळून घ्या.

शुक्रवार मोकळा ठेवा

पाचवा दिवस राहिलेल्या कामाचा आणि बाहेर पडण्याचा. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, राजा केळकर संग्रहालय, पाषाण तलावावरचे पक्षी. यंदा एक सहल केडगावची जरूर ठरवा, दौंडच्या रेल्वेमार्गावरच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं आणि नंतर केडगावला निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी मुक्ती मिशन उभं केलं. शेवटची बरीच वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या. आपण रोज जे वचन मराठीत वाचतो त्यामागे एवढ्या जवळच्या माणसांचे कष्ट आहेत, हे मुलांना तिथे उभं राहून कळू दे. इतिहास, भूगोल आणि भाषा एकाच दिवसात होते.

दर महिन्याला अर्धा तास

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर, दुपारच्या झोपेआधी, चारही ओळी वाचा. प्रत्येकीपुढे "चालू", "अडलं" किंवा "झालं" एवढंच लिहा. सलग दोन महिने "अडलं" आलं तर मुलाला दोष देण्याआधी ओळ तपासा. बहुतेक वेळा ती मोठी असते, दोन तुकडे केले की पुढे सरकते. दिवाळीनंतर एकदा सगळा कागद पुन्हा लिहा. तो फ्रीजवर लावताना मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि "झालं" ही खूण मुलांनाच करू द्या.