एका लाइटवर चेहरा घडवताना: लहान स्टुडिओतली मांडणी

लग्नाच्या बायोडाट्याचा फोटो असो की दुकानाच्या पाटीवर लावायचा मालकाचा, चेहऱ्याला उठाव येतो तो सावलीमुळे. लाइट किती महाग आहे यापेक्षा तो कुठे आणि किती जवळ उभा आहे, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून दुसरा लाइट घेण्याआधी एक लाइट नीट लावता यायला हवा. २०० ते ४०० वॅट-सेकंद ताकदीचा एक स्टुडिओ फ्लॅश, ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर बसवायची, पुढे पांढरं कापड असलेली पेटी), थर्माकोलची एक पांढरी शीट आणि काळं कापड एवढ्यात खालचं जवळजवळ सगळं काम होतं.

आधी खोली. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराचा वरचा मजला असो की धरमपेठेतल्या दुकानामागची जागा, १० बाय १२ फूट मिळाले तरी पुरतात. भिंतीपासून साडेचार फुटांवर माणूस, त्याच्यापासून साडेपाच फुटांवर कॅमेरा, उरलेले दोन फूट तुमचे. भिंतींचा रंग मात्र नीट बघा. पोपटी किंवा गुलाबी भिंतीवरून परतलेला उजेड तोच रंग गालावर आणून टाकतो. एकच बाजू रंगलेली असल्यामुळे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगाचा तोल साधणारी सेटिंग) बदलूनही तो जात नाही. पांढऱ्या भिंतीची अडचण वेगळी. उजेड सगळीकडून परत येतो आणि सावली फिकीच राहते. गांधीबागच्या कापड बाजारातून जाड, बिनचमकीचं काळं सुती कापड आणा. साटीन नको, ते चमकतं. सावलीच्या बाजूला चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर ते टांगलं की गालाखालची सावली लगेच गडद होते.

कॅमेऱ्याची सेटिंग एकदाच लावायची: मॅन्युअल मोड, आयएसओ १००, शटर १/१६०, अॅपर्चर एफ ८, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विन. मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरवर ८५ मिलिमीटरची लेन्स, लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर ५०ची. मग फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम काढा. ती पूर्ण काळी आली पाहिजे. काही दिसत असेल तर खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड आत शिरतोय, तो आधी बंद करा. फ्लॅश लावल्यावर फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर शटर तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपेक्षा (फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग) वेगवान झालं आहे. ते खाली आणा.

आता अंतर. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साधारण ३ फुटांवर ठेवला की सावलीची कड मऊ येते. तोच १० फुटांवर नेला तर चेहऱ्याच्या हिशोबाने तो लहान होतो आणि नाकाची सावली चाकूने कापल्यासारखी पडते. ‘सॉफ्टबॉक्स लावला म्हणजे लाइट सॉफ्ट झाला’ हा गैरसमज सोडून द्या. मऊपणा चेहऱ्याला दिव्याचा आकार केवढा दिसतो, यावर ठरतो.

अंतराने मागची भिंतही बदलते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. लाइटपासून चेहरा ३ फूट आणि भिंत ६ फूट असेल, तर भिंतीवर २ स्टॉप कमी उजेड पोहोचतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि पांढरी भिंत राखाडी दिसते. लाइट मागे घेऊन चेहरा ६ आणि भिंत ९ फूट केली, तर फरक जेमतेम सव्वा स्टॉप. भिंत पुन्हा उजळते. म्हणजे राखाडी पडदा वेगळा विकत घ्यायची गरज नाही. मात्र लाइट ६ वरून ३ फुटांवर आणल्यावर चेहऱ्यावर उजेड चौपट होतो, म्हणून फ्लॅशची पॉवर १/४ वरून १/१६ वर आणायला विसरू नका.

लाइटची जागा ठरवताना मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा छोटा दिवा) लावा आणि नाकाच्या सावलीकडे बघा. लाइट कॅमेऱ्याच्या बाजूला ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या रेषेपेक्षा दीड-दोन फूट वर, खाली झुकवलेला. नाकाची लहान सावली ओठाच्या कोपऱ्याकडे तिरकी उतरली की झाली लूप नावाची मांडणी. बायोडाट्यासाठी हीच सगळ्यात सुरक्षित. लाइट आणखी बाजूला सरकवत न्या. नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. १७व्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावावरून याला रेम्ब्रां म्हणतात. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नको. लाइट अगदी समोर आणि वर नेला की नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडते. यात हनुवटीखाली काळोख होतो, म्हणून थर्माकोल छातीच्या उंचीवर आडवं धरा.

कोणत्याही मांडणीत डोळ्यातली चमक बघा. घड्याळाच्या १० किंवा २ वाजण्याच्या जागी ती हवी. दिसतच नसेल तर लाइट फार वर आहे. हा एक फूट खाली आणला नाही, तर बाकी सगळं बरोबर असूनही नजर मेलेली वाटते.

गोल चेहऱ्याला कॅमेऱ्याकडून जो गाल कमी दिसतो त्या बाजूने उजेड द्या. कॅमेऱ्याकडचा मोठा गाल सावलीत जातो आणि चेहरा निमुळता वाटतो. किडकिडीत चेहऱ्याला याच्या उलट. सावळ्या रंगाला ‘गोरं’ करण्यासाठी पॉवर वाढवू नका. फोटोतल्या लाल रंगाची नोंद, म्हणजे लाल चॅनल, आधी फुटतो (उजेड जास्त होऊन तपशील उडतो) आणि कपाळावर सपाट डाग उरतो. सावळ्या त्वचेचा आकार तिच्यावरच्या मऊ चमकेतून कळतो, म्हणून लाइट मोठा आणि जवळ ठेवा, चेहऱ्यावरचा उजेड मात्र तेवढाच राहू द्या.

चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसला तर लाइट वर आणि थोडा बाजूला न्या, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. तेवढ्याने भागलं नाही, तर कानावरच्या काड्या अर्धा सेंटीमीटर उचला. काच खाली झुकते आणि प्रतिबिंब फ्रेमबाहेर जातं.

नऊवारी आणि नथ घातलेल्या नवरीसाठी लाइट तिच्या डाव्या हाताला. नथ डाव्या नाकपुडीत असते. उजवीकडून लाइट दिला तर नाकाच्याच सावलीत ती विझते. नथीची सावली ओठांवर पडत असेल, तर लाइट चार-सहा इंच खाली घ्या. जरीचा काठ पांढरा फुटत असेल, तर सॉफ्टबॉक्सची दिशा चेहऱ्याच्या थोडी पुढे फिरवा, म्हणजे अंगावर फक्त कडेचा उजेड पडतो. काळे केस काळ्या पडद्यात मिसळत असतील, तरच दुसरा लाइट लावा: मागून, वरून, ग्रिड (उजेड पसरू न देणारी जाळी) लावून, मुख्य लाइटपेक्षा एक स्टॉप कमी. तो नाकाच्या शेंड्याला लागला तर आणखी मागे सरकवा.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. हॅलोजनच्या मॉडेलिंग लॅम्पने बंद खोली आणखी तापते. जागा ठरली की तो बंद करा किंवा एलईडीचा घ्या. कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. दमट हवेत घाम सुकत नाही आणि कपाळ, नाक, हनुवटी चमकतात. घाम टिश्यूने टिपायचा, पुसायचा नाही, नाहीतर मेकअप निघतो. कूलरचा झोत सॉफ्टबॉक्सवर आला तर स्टँड कलंडतो, म्हणून स्टँडच्या सगळ्यात उंच पायावर पाचेक किलो वाळूची पिशवी टाका आणि सॉफ्टबॉक्स त्याच पायाच्या दिशेला ठेवा. दुपारी व्होल्टेज पडलं की फ्लॅश भरायला वेळ घेतो. बीप वाजायच्या आत बटण दाबलं तर काही फ्रेम अंधाऱ्या येतात. त्या सेटिंगमुळे आल्या असं समजून एफ नंबर बदलू नका. फ्लॅश मध्येच थांबला आणि त्याच्या आतला पंखा फिरतोय, तर आतलं तापमान जास्त झालं आहे. स्विच बंद न करता तो पंखा चालू राहू द्या, दहा मिनिटांनी फ्लॅश परत चालू लागतो.