मसल कार कोकणात आणताना: आधी पत्रा, मग इंजिन

शेव्हरोले चेव्हेल, फोर्ड मस्टँग, डॉज चार्जर किंवा पाँटियॅक जीटीओ अशी मोठ्या इंजिनाची जुनी मसल कार अमेरिकेतून आणून अलिबागला, रत्नागिरीला नाहीतर मालवणात ठेवायची असेल, तर इंजिन किती घन इंचांचं हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, गाडीची पहिली नोंदणी कधी झाली? दुसरा, पत्र्याला गंज कुठे आणि किती लागलाय? या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली, तर पुढे कितीही पैसे ओतून गाडी सावरत नाही.

पूर्वी व्हिंटेज म्हणून १९५० च्या आधी बनलेलीच गाडी देशात आणता यायची. २०२५ पासून पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली गाडी आणता येते, त्यामुळे १९६४ ते १९७४ हा मसल कारचा बहराचा काळ आता आवाक्यात आलाय. मोजायचं ते पहिल्या नोंदणीपासून, मॉडेलच्या वर्षापासून नाही. अमेरिकेतल्या मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, बहुतेक वेळा मॉडेलचं वर्षच असतं. शोरूममध्ये वर्षभर पडून राहून उशिरा विकली गेलेली गाडी कागदावर जुनी दिसते, पण कायद्याने बसत नाही. म्हणून हातात दोन-तीन वर्षांची सूट राहील अशीच गाडी निवडा, आणि पहिल्या नोंदणीचा पुरावा म्हणून कोणता कागद चालेल हे आगाऊ रक्कम देण्याआधी क्लिअरिंग एजंटकडून, म्हणजे कस्टम्समधून गाडी सोडवून देणाऱ्याकडून, लेखी घ्या.

दुसरी अट २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांतली. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. बाहेरून १९६९ ची कॅमॅरो आणि बोनेटखाली जनरल मोटर्सचं आधुनिक एलएस इंजिन, अशा गाड्या तिकडे भरपूर विकायला असतात. चालवायला त्या छान, पण या नियमात बसवायला अवघड. मस्टँग आणि कॅमॅरोची तर अख्खी नवी बॉडी तिकडे विकत मिळते आणि तिच्यावर जुन्या गाडीचा नंबर लावलेला असू शकतो. त्या वाटेला जाऊ नका.

नंबर वाचायला शिका

१७ अंकी चासी नंबर १९८१ पासूनचा, त्याआधीचे नंबर आखूड आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे. १९६८ पासून तो पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसतो. फोर्डच्या नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं. १९६७ च्या मस्टँगमध्ये ‘सी’ म्हणजे दोन बॅरल (तोंडांच्या) कार्ब्युरेटरचं २८९ घन इंचांचं, ‘ए’ म्हणजे चार बॅरलचं २८९ आणि ‘एस’ म्हणजे ३९०. डॉज-प्लिमथमध्येही पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. १९७० ला ‘आर’ असेल तर ४२६ हेमी, ‘यू’ असेल तर ४४० मॅग्नम.

शेव्हरोलेमध्ये मात्र फसायला होतं. १९६७ ते १९६९ च्या कॅमॅरोचा नंबर गाडी सहा सिलिंडरची की व्ही-आठ एवढंच सांगतो, एसएस की झेड-२८ (या जास्त ताकदीच्या, महागड्या आवृत्त्या) हे सांगत नाही. १९६९ पासूनच्या चेव्हेल एसएसचंही तेच. नुसते बिल्ले लावून एसएस केलेल्या गाड्या म्हणूनच याच घराण्यात जास्त. जीटीओ १९६६ ते १९७१ या वर्षांत नंबरच्या सुरुवातीच्या २४२ वरून ओळखता येते.

नंबर वाचल्यावर कागद मागवा. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याच्या नोंदींवरून बनवलेला मार्टी रिपोर्ट मिळतो, पाँटियॅकसाठी पीएचएस (पाँटियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) चे कागद. डॉज-प्लिमथमध्ये बोनेटखालचा फेंडर टॅग (कारखान्याचे कोड ठोकलेली पत्र्याची पट्टी) आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये कोंबलेला कारखान्याचा कागद शोधायला सांगा. इंजिन मूळ आहे का ते ब्लॉकवर ठोकलेल्या अर्धवट चासी नंबरवरून कळतं. १९६८ पासून तो नंबर गाडीच्या नंबराशी जुळला पाहिजे. फोटो स्वच्छ आणि जवळून हवा. त्या जागेवर घासल्याचे एकसारखे ओरखडे दिसले तर नंबर नव्याने ठोकला असल्याचा संशय घ्या.

पत्रा

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ पत्र्याच्या सांध्यांत आणि पोकळ पट्ट्यांत जाऊन बसतं. अशी गाडी पुढे वीस वर्षं ॲरिझोनाच्या कोरड्या गॅरेजात राहिली की गंज थांबल्यासारखा दिसतो, कारण मिठाला ओढायला ओलावाच नसतो. तीच गाडी कोकणात आली की एका पावसाळ्यात सांध्यांतलं मीठ ओलं होतं आणि रंगाखाली पोपडे उठतात. त्यामुळे गाडी आज कुठे उभी आहे यापेक्षा आयुष्यभर कुठे राहिली ते विचारा, आणि जुन्या टायटलांवरून पडताळा. जन्मापासून ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोत राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला असेल, दारांची रबरं चुरा झालेली असतील. ते चालेल, रबर नवीन मिळतं.

तपासणीसाठी तिथला स्वतंत्र तपासनीस नेमा, विक्रेत्याच्या ओळखीचा नको. काही शे डॉलर जातील, पण या व्यवहारात एवढा वसूल होणारा खर्च दुसरा नाही. त्याला पुढच्या गोष्टी लिहून द्या.

मस्टँगमध्ये काचेखालच्या जाळीत बादलीभर पाणी ओतायचं आणि पाच मिनिटांनी आत डॅशबोर्डखाली हात घालून बघायचं. ओल लागली तर काउल, म्हणजे काचेखालची पत्र्याची पेटी, सडलंय, आणि ते नीट करायला गाडीचा पुढचा भाग जवळजवळ उकलावा लागतो. मस्टँग, चार्जर, चॅलेंजर, बराकुडा यांना वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. मस्टँगचे टॉर्क बॉक्स (तळाच्या सांगाड्याचे जोडकोपरे) आणि पुढचे शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर अडकतात ते खांब), डॉज-प्लिमथमध्ये टॉर्शन बारचं (पुढच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचं) मागचं टोक जिथे अडकतं तो आडवा भाग आणि डिकीच्या दोन्ही बाजूंचे खड्डे, इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. कॅमॅरोची पुढची अर्धी चासी बोल्टने जोडलेली असते, तिथले माउंट बघा. चेव्हेल, जीटीओ आणि ओल्डस्मोबिल ४४२ यांना पूर्ण चासी आहे. किनाऱ्यासाठी हाच प्रकार जास्त बरा, कारण बॉडीचा पत्रा बदलता येतो आणि भार चासीवर राहतो. तिथे मागच्या चाकाशी चासी वर वळते तो पोकळ भाग आतून सडतो, तो हातोडीने वाजवून बघा. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर नाही.

व्हिनाइलचं छप्पर असलेली गाडी टाळाच. कातड्याखाली पाणी साठतं आणि मागच्या काचेभोवती पत्रा चाळणी होतो. बाकी बॉडीवर रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवा. १०० ते १५० मायक्रॉन म्हणजे मूळ रंगाच्या जवळपास, ३०० च्या आसपास म्हणजे पुन्हा रंगवलेली, १००० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. साधं चुंबक कापडात गुंडाळून फिरवलं तरी पुट्टी कळते.

इंजिनाची तपासणी त्यामानाने सरळ. थंड इंजिन सुरू करतानाचा सलग व्हिडिओ, सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत), गरम झाल्यावर तेलाचा दाब. इंजिन दुरुस्त होतं.

कोणतं वर्ष घ्यावं

१९७० ची गाडी सगळ्यांनाच हवी असते. चेव्हेलच्या ४५४ एलएस-६ ला ४५० अश्वशक्ती होती, पण कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ११.२५, आणि इंजिन त्या काळच्या १०० च्या आसपास ऑक्टेनच्या शिसेयुक्त पेट्रोलसाठी बेतलेलं. आपल्याकडे १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्या शहरांतल्या पंपांवर मिळतं. साध्या पेट्रोलवर असं इंजिन चढाला ठोके देतं. जनरल मोटर्सने (शेव्हरोले आणि पाँटियॅक याच कंपनीच्या) १९७१ पासून हा रेशो साडेआठच्या आसपास आणला. १९७२ पासून अश्वशक्तीही वेगळ्या पद्धतीने मोजू लागले, म्हणून कागदावरचा आकडा आणखी खाली दिसतो आणि किंमतही. कोकणातल्या मालकासाठी १९७१-७२ ची चेव्हेल किंवा जीटीओ ही आमच्या मते सर्वात शहाणी खरेदी.

पुढे डिस्क ब्रेक असलेलीच बघा. चारही ड्रम असलेली दीड टनांहून जड गाडी आंबा घाटातून उतरवताना ड्रम तापून ब्रेक सुटतात. १९६६ पर्यंत बहुतेक गाड्यांत ब्रेकचा एकच सर्किट, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६७ पासून दोन आहेत. आणि घराकडची वाट मोजा. १९६९ चा चार्जर जवळपास ५.२८ मीटर लांब आणि १.९५ मीटर रुंद आहे. दोन गडग्यांमधल्या पाखाडीत तो वळणार नाही.

पैसे, जहाज, नोंदणी

गाडीची किंमत, तिकडची वाहतूक, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर ड्युटी आणि जीएसटी लागतो, आणि तो तिच्या दुपटीहून जास्त भरतो. ३० लाखांची गाडी दारात येईपर्यंत ९० लाखांच्या वर जाते, हे धरूनच गाडी शोधायला लागा. दर बदलत असतात, बोली लावण्याच्या आठवड्यातलाच लेखी अंदाज घ्या आणि मंजुरी कोणत्या बंदरातून होईल तेही विचारून ठेवा.

अमेरिकेच्या कस्टम्सला निर्यातीच्या किमान ७२ तास आधी मूळ टायटल आणि गाडी बंदरावर लागते. टायटल विक्रेत्याच्या नावावर नसेल तर पैसे देऊ नका. बंद कंटेनर घ्या. टाकीत थोडंच पेट्रोल, बॅटरी सुटी, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आत, आणि चाकांना लावलेल्या लाकडावर आयएसपीएम-१५ चा (लाकडाची कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का. डिकीत सुटे भाग भरून पाठवू नका. कागदावर न दाखवलेली एक पेटीही कस्टम्समध्ये गाडी अडकवते.

नोंदणी परिवहन पोर्टलवर. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आयात केलेल्या गाडीला बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) आणि विमा जोडावा लागतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ही गाडी चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला इशारा देणारी दिव्यांची व्यवस्था चालू स्थितीत लागते. स्टिअरिंग उजवीकडे घेण्याचा विचार मनातून काढा.

गाडी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची किट इथेनॉल सोसणारी बसवा. २० टक्के इथेनॉल जुनं रबर फुगवतं, नळी सुटते आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल पडतं. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेटही एक-दोन नंबर मोठे लागतील. इंची पान्यांचा संच घ्या. ९/१६ च्या नटाला १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा नट गोल करतो.

आगोटीच्या कामांत गाडीचंही काम धरा. मृग लागण्याआधी दारांच्या तळाची आणि काउलची पाण्याची भोकं मोकळी करा, पोकळ भागांत मेण फवारा, ब्रेक ऑइल बदला, टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत ओल धरायला हवा उरणार नाही. जांभ्याच्या भिंतीचा मांगर चालेल, पण जमिनीवर काँक्रीटखाली प्लास्टिकचा थर हवा आणि भिंतीपासून हातभर अंतर. ताडपत्री गाडीवर घालू नका, खाली घाम धरते. सुती कव्हर आणि एक डीह्युमिडिफायर, ओलावा ५० ते ५५ टक्क्यांवर. उंदरांसाठी सापळे बोनेटखाली नाही, चाकांजवळ. दर पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. एकतर अर्धा तास चांगलं तापवा, नाहीतर गणपतीपर्यंत हात लावू नका.