कृष्णाकाठाने वर, वेण्णाकाठाने खाली: माहुली ते माहुली सायकलने तीन दिवस

कृष्णा आणि वेण्णा दोघी महाबळेश्वरात उगम पावतात, डोंगराच्या दोन अंगांनी खाली येतात आणि साताऱ्याजवळ माहुलीला भेटतात. हा मार्ग त्यांनीच आखून दिला आहे: माहुलीहून कृष्णेच्या खोऱ्यातून वाई, तिथून पसरणी घाटाने पाचगणी, महाबळेश्वर, मग केळघर घाटाने वेण्णेच्या खोऱ्यात मेढा आणि परत माहुली. आडवाटांसकट सुमारे 160 किलोमीटर. सातारा रेल्वे स्टेशन माहुलीच्याच बाजूला असल्याने पुण्याहून किंवा कोल्हापूरहून येणाऱ्यांना सुरुवात तिथूनच करता येते.

मार्ग उलटा फिरवू नये. सामान लादून केळघर घाट चढण्यापेक्षा पसरणीचा चढ पायांना सोसवतो, आणि वाटेतली बघण्यासारखी गावं पहिल्या दिवशी, ताज्या अंगाने पाहून होतात. ऑक्टोबर मध्य ते फेब्रुवारी हा योग्य काळ. पावसाळ्यात दरडी, शेवाळ आणि धुकं असतं. उन्हाळ्यात खालच्या खोऱ्यात दहा वाजल्यानंतर डांबर तापतं. मधला दिवस शनिवार-रविवारी येऊ देऊ नका, कारण तेव्हा पाचगणी–महाबळेश्वर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि सायकलला कडेची मातीच उरते. मंगळवारी निघून गुरुवारी परतणं उत्तम.

सायकलचं गणित आधी करा, कारण घाटात पाय कमी पडतात ते बहुतेक गिअरमुळे. वाई सुमारे 720 मीटरवर, पाचगणी 1,300 च्या आसपास. मधलं अंतर 12 ते 13 किलोमीटर, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या जरा आत. सामानासह हा चढ दीड तासात करायचा तर वेग ताशी आठ किलोमीटरच्या थोडा वर पडतो. या वेगाला पुढे 34 दाते आणि मागे 34 असतील तर पायडल मिनिटाला 65 फेरे घेतं, ते गुडघ्यांना मानवतं. मागे सर्वांत मोठं चक्र 28 दात्यांचं असेल तर फेरे 53 वर येतात, आणि 25 चं असेल तर 48 वर. पन्नासच्या खाली गेलात की प्रत्येक फेरा म्हणजे गुडघ्यावरचा दाब, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागतं. निघण्यापूर्वी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून घ्या. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढं मोठं चक्र पेलतो का आणि साखळीची लांबी पुरते का, हे दुकानातच तपासा. मोठ्या चक्राला आखूड साखळी लावली तर डिरेलर ओढला जाऊन तुटतो.

टायर 32 ते 35 मिलिमीटरचे. 32 च्या टायरमध्ये, माणूस, सायकल आणि सामान मिळून 90 किलो होत असतील तर हवा मागे 60 ते 65 पीएसआय, पुढे 50 ते 55. याहून टणक टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि वळणात पकड सोडतो. सामान सहा-सात किलोच्या वर जाऊ देऊ नका. ते कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि सारखं वाटून. सगळं वजन कॅरिअरच्या डोक्यावर बांधलं तर चढाच्या वळणात पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल भरकटतं. टाच पिशवीला लागते का, हे घरापासच्या गल्लीत पाहून घ्या. कॅरिअरचे स्क्रू हादऱ्यांनी हमखास सैल होतात, म्हणून रोज सकाळी निघताना पाना फिरवायचा.

हत्यारांत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की, आपल्या गिअरसंख्येला जुळणारी साखळीची जोडकडी, ब्रेकपॅडची एक जोडी, झिप टाय आणि मागच्या चाकाच्या दोन स्पोक. स्पोक तुटते ती बहुधा मागच्या चाकाची, गिअरच्या बाजूची. त्या बाजूची लांबी वेगळी असू शकते, म्हणून मोजून घ्या. गावातल्या सायकल दुकानात साधी ट्यूब मिळेल, पण बारीक वॉल्व्हची मिळेल असं धरून चालू नका.

पहिला दिवस साठ किलोमीटरच्या आसपास, फारसा चढ नाही. साताऱ्यातून बाहेर पडल्यावर पुणे–बंगळूर महामार्ग टाळता येत नाही. मुख्य रस्त्यावर न जाता सेवा रस्ता धरा, आणि उड्डाणपुलाखालून समोरून येणाऱ्या दुचाकींकडे लक्ष ठेवा. लिंब फाट्यावरून आत लिंब-शेरी इथे बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून शिवलिंगासारखा आकार दिसतो, आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल आहे. सायकल वरच कुलूप लावून ठेवा. पायडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट असतील तर काढा, झिजलेल्या दगडी पायऱ्यांवर धातू सरकतो. हाच नियम वाईच्या आणि मेणवलीच्या घाटांना.

पाचवडमार्गे दुपारपर्यंत वाई. 1762 मध्ये सरदार रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या पात्रालगत आहे. मुक्कामाच्या जागी सामान टाका आणि रिकाम्या सायकलने मेणवलीला जा, तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि खालचा कृष्णेचा घाट सावकाश पाहा. मेणेश्वराच्या देवळाजवळची मोठी घंटा चर्चची आहे, 1739 च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांच्या हाती लागलेली. तिथून पुढे धोमला नरसिंहाचं देऊळ आणि दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. अंधार पडायच्या आत परत फिरा, कारण ऊसवाहू ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय धावतात.

दुसऱ्या दिवशी सहाला, पुढे-मागे दिवे लावून निघा. निघण्याआधी दोन केळी किंवा पोळी-गूळ. भरपेट मिसळ पोटात जड होते, ती पाचगणीत. पाणी दोन बाटल्या, तासाला अर्धा ते पाऊण लिटर प्यायचं, एका बाटलीत ओआरएस. पहिली तीन किलोमीटर मुद्दाम हळू काढा: बोलताना वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. आपण डावीकडून जात असल्यामुळे डावीकडची वळणं आतल्या अंगाला, आखूड आणि उभी पडतात. तिथे गिअर वळणाच्या आधीच उतरवा. वळणात जोर असताना बदलला तर साखळी कडकड करते आणि कधी तुटतेही. एसटी वळताना सगळा रस्ता घेते, म्हणून हॉर्न ऐकताच वळणाच्या अलीकडे थांबा. उभा चढ थांबून पुन्हा सुरू करायचा तर आधी थोडं आडवं, रस्ता मोकळा पाहून, निघा.

पाचगणी ते महाबळेश्वर 19 किलोमीटर. उंचीत फार फरक नाही, पण रस्ता वरखाली होतो. वेळ असेल तर भिलारला वळा, 2017 पासून हे पुस्तकांचं गाव आहे आणि घराघरांत बसून वाचता येतं. माकडं हँडलवरची पिशवी उघडतात, खाऊ बंद पिशवीत ठेवा. संध्याकाळी सामान उतरवून क्षेत्र महाबळेश्वरला, सहाएक किलोमीटरवर पंचगंगेच्या देवळात जा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही नद्या इथे उगम पावतात अशी श्रद्धा आहे.

तिसऱ्या दिवशी मात्र घाई नको. दव वाळून धुकं उठल्यावर, आठनंतर निघा. मेढ्यापर्यंत तीसेक किलोमीटरमध्ये साडेसहाशे मीटर उतार आहे. आदल्या रात्री ब्रेकपॅडची जाडी पाहा: पॅडवरच्या खाचा पुसल्या असतील तर लगेच बदला. उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवणं ही सगळ्यांत घातक सवय. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटते, डिस्क असेल तर पॅड गुळगुळीत होऊन पकड जाते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, जोरात दाबून वेग उतरवा. वळणात ब्रेक सोडा आणि बाहेरचा पाय खाली ठेवा. दर पाच-सहा किलोमीटरला थांबून चाकं निवू द्या. डिस्कला बोट लावून पाहू नका, कातडी चिकटते. घामट अंगाने थंड वारा लागून बोटं बधिरतात, आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही. वाऱ्याचं जॅकेट आणि हातमोजे म्हणूनच सामानात सर्वांत वर हवेत.

केळघर गावात घाट संपतो. मेढ्यात जेवून घ्या, पुढे सातारा पंचवीसेक किलोमीटर, वेण्णेच्या कडेने, कण्हेर धरणाजवळून. सायकल रेल्वेने न्यायची असेल तर पार्सल कचेरीची वेळ सकाळीच फोनवर विचारून ठेवा. दिवे, पंप, बाटल्या काढून घ्या आणि नाव-स्टेशनाचं लेबल फ्रेमला तारेने बांधा, सुतळीने नव्हे. गाडीला अवकाश असेल तर माहुलीच्या संगमावर उतरा: एका हाताला तुम्ही चढून गेलात ती नदी, दुसऱ्या हाताला उतरून आलात ती.