कादंबरी वाचून झाली की मत कसं लिहायचं

कादंबरी संपली की लगेच लिहायला बसू नका, दोन दिवस जाऊ द्या, मग पुस्तक न उघडता जे आठवतंय ते आधी लिहून काढा, तेच तुमचं खरं मत असतं. मी भालचंद्र नेमाड्यांची कोसला (१९६३) नुकतीच परत वाचली तर कॉलेज, होस्टेल सगळं मागे पडलं आणि नायक पांडुरंगची देवीच्या रोगाने गेलेली धाकटी बहीण मनी तेवढी डोक्यात राहिली, म्हणून सुरुवातच तिथून केली. कथानक दोन ओळीत आटपा प्लीज. भाषेवर मात्र सविस्तर लिहा, नुसतं 'छान शैली' नको, कोसलातला पांडुरंग सारखं 'उदाहरणार्थ', 'वगैरे' का म्हणतो, दुःख अंगावर येऊ नये म्हणून का, असं एखादं ठिकाण धरून सांगा. आणि कंटाळा आला असेल तर कुठे आला तेही पान नंबरासकट लिहा, लेखक मोठा आहे म्हणून लपवू नका.