बांधकाम सोपवण्यापूर्वी मालकाने घ्यायची काळजी

काम ठेकेदाराकडे दिले म्हणजे सुरक्षिततेची जबाबदारीही त्याच्याकडे गेली, असे मालकाने समजू नये. कारण खर्च आणि मुदत मालकच ठरवतो आणि अवास्तव मुदतीपायी परांचीचे कठडे बसवायचे राहून जातात व मजूर उंचावरून पडतात.

जागेविषयी जे फक्त मालकाला ठाऊक असते, ते काम सुरू होण्याआधीच लेखी द्यावे: जमिनीखालची वीजवाहिनी, बुजवलेली विहीर, छतावरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे. असा पत्रा कापला किंवा फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि त्यांमुळे होणारा कर्करोग अनेकदा काही दशकांनी उघड होतो. खोदकामाबाबत तर विशेष आग्रह धरावा. एक घनमीटर मातीचे वजन साधारण १.५ टन भरते, त्यामुळे आधार न दिलेला चर ढासळल्यास कमरेपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसालाही स्वतःहून बाहेर पडता येत नाही.

दरपत्रकात परांची, चराचे आधार, हेल्मेट, पिण्याचे पाणी आणि शौचालय यांचा खर्च वेगळा दाखवायला सांगावा (माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची अट आहे), म्हणजे घासाघीस करताना त्यालाच कात्री लागत नाही. ठेकेदार पक्का करण्यापूर्वी त्याचे चालू असलेले एखादे काम प्रत्यक्ष पाहून यावे.