युरेनियम-२३८ चा फिशन क्रॉस सेक्शन मोजताना

फिशन क्रॉस सेक्शन म्हणजे न्यूट्रॉन आदळल्यावर अणुकेंद्र फुटण्याची, म्हणजे विखंडनाची, शक्यता. ती काढताना लक्ष्यावर न्यूट्रॉन नेमके किती पडले, हे मोजणं सगळ्यात कटकटीचं. म्हणून ते टाळतात. युरेनियम-२३८ सोबत युरेनियम-२३५ ठेवायचं, दोघांवर एकच झोत सोडायचा आणि विखंडनांचं गुणोत्तर (२३८ भागिले २३५) काढायचं. २३५ चा क्रॉस सेक्शन प्रमाण म्हणून मान्य आहे. न्यूट्रॉनची ऊर्जा २ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) असताना हे गुणोत्तर ०.४ च्या आसपास येतं.

फिशन चेंबरमध्ये, म्हणजे विखंडनं मोजणाऱ्या वायूच्या डब्यात, युरेनियमचा लेप दिलेल्या दोन्ही चकत्या पाठीला पाठ लावून बसवा. लेप प्रति चौरस सेंटिमीटर ०.२ मिलिग्रॅम पुरे. ऑक्साइडमध्ये विखंडनाच्या तुकड्यांचा पल्ला साधारण ७-८ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच असतो, त्यामुळे एवढ्या पातळ लेपातही टक्का-सव्वा टक्का तुकडे अडकतात. लेप दुप्पट केला की तोटाही दुप्पट.

युरेनियम स्वतःहून सोडतं ते अल्फा कण ४-५ एमईव्हीचे, तुकडे साधारण ६० ते १०० चे. दोहोंच्या मधल्या दरीत थ्रेशोल्ड, म्हणजे मोजणीची खालची मर्यादा, ठेवा. लेप खडबडीत असेल तर ही दरी भरून येते. तसली चकती सरळ बाद करा.

खरी मेख चकतीवरचे अणू मोजण्यात आहे. अल्फा मोजून वस्तुमान काढायचं म्हटलं, तर १ मिलिग्रॅम शुद्ध २३५ सेकंदाला जेमतेम ८० अल्फा देतं. त्यात १ टक्का युरेनियम-२३४ असेल तर ते एकटंच २,३०० देतं! म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरवरून समस्थानिकांचं प्रमाण हाती असल्याशिवाय अल्फाच्या आकड्याला अर्थ नाही.

न्यूट्रॉनची ऊर्जा उड्डाणकालावरून, म्हणजे ठरलेलं अंतर कापायला लागलेल्या वेळावरून, काढतात. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या एन-टॉफ या न्यूट्रॉन-प्रयोगकेंद्रात १८५ मीटरच्या मार्गावर न्यूट्रॉनसोबतच निघालेला गॅमा किरणांचा लखलखाट ०.६२ मायक्रोसेकंदात पोचतो, १ एमईव्हीचा न्यूट्रॉन १३.४ मध्ये. घड्याळाचा शून्य त्या लखलखाटावरूनच मागे मोजून लावा.

लहान त्वरकावर एकाच ऊर्जेचे न्यूट्रॉन वापरत असाल, तर भिंतींवरून मंदावून परतणारे न्यूट्रॉन घात करतात. औष्णिक (अगदी मंद) न्यूट्रॉनला २३५ चा क्रॉस सेक्शन सुमारे ५८५ बार्न (क्रॉस सेक्शनचं एकक), १ एमईव्हीला जेमतेम १.२. असे थोडे न्यूट्रॉन घुसले तरी गुणोत्तर खाली कोसळतं. चेंबरभोवती १ मिलिमीटर कॅडमियम गुंडाळा आणि भिंतींपासून लांब ठेवा. कॅडमियम साधारण ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खालचेच गिळतं. वरचे उरतात, त्यांची दुरुस्ती वेगळी.

१ एमईव्हीच्या बरंच खाली २३८ स्वतः जवळपास फुटत नाही; तिथे त्याच्या चकतीत विखंडनं दिसली, तर बहुतेक त्यात २३५ ची भेसळ आहे. शेवटी चेंबर १८० अंशांत फिरवून पुन्हा मोजा. झोताच्या दिशेने तुकड्यांना मिळणारा रेटा दोन्ही मोजण्यांच्या सरासरीत बराचसा कटतो.