१८ टक्के म्हणजे किती?

ऑक्टोबर २०१५. सॉसेज, सलामी, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं. मी तेव्हा आरोग्याच्या पानावर नवीन होते. संध्याकाळी सातला बातमी हातात आली, आठला पान सोडायचं होतं. मी लिहिलं, ‘रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्या १८ टक्के लोकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त गणित शिक्षकांचा फोन आला. “बाई, १८ टक्के कशाचे?” एवढंच त्यांनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. मूळ निवेदन पुन्हा काढून वाचलं, तर त्यात धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं होतं. समजा, हा आजार आयुष्यभरात हजारातल्या ५० जणांना होत असेल, तर रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्या हजार जणांत तो साधारण ५९ जणांना होईल. मी एक ‘नी’ गाळला आणि माझ्या बातमीत त्या ५९ चे १८० झाले.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. ‘तंबाखूच्याच गटात’ असं मी ठळक अक्षरांत दिलं होतं. कर्करोगकारक गोष्टींच्या संस्थेच्या यादीतला गट खरंच तोच होता, पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. मडगावहून एका ताईंनी विचारलं, “चोरिस घरात आणायचेच नाहीत का?” चोरिस म्हणजे गोव्यातले डुकराच्या मांसाचे सॉसेज. मीठ लावून, वाळवून टिकवलेले हे सॉसेजही याच प्रकारात मोडतात. पण रोजच्या ताटात ते असणं आणि सणासुदीला असणं यांत फरक आहे, आणि तो फरक माझ्या बातमीत कुठेच नव्हता. आम्ही दुरुस्ती छापली, पण आत, चौथ्या पानावर. ज्यांनी बातमी वाचली त्यातल्या कितींनी ती पाहिली असेल, हे आजही मनाला लागून राहिलंय.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा सांगते: संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकावरून लिहू नका, मूळ शोधनिबंध उघडा. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, निदान गोशवारा फुकट वाचता येतो. पूर्ण निबंध पैसे भरून असेल तर लेखकाला ईमेल करा. माझ्या अनुभवात बरेच शास्त्रज्ञ दोन-तीन दिवसांत प्रत पाठवतात. वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग बघा. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर, किती दिवस, आणि तुलना कोणाशी? शेवटी बारीक अक्षरांत पैसा कोणी दिला तेही लिहिलेलं असतं. मग त्या अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका तज्ज्ञाला फोन करा. हा फोन मी कधीच टाळत नाही.

रोज दहा हजार पावलं चाला, या सल्ल्याचंच बघा. माझे काका गुडघे दुखत असताना रात्री गच्चीवर फेऱ्या मारून आकडा पुरा करायचे. हा आकडा आला कुठून? टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मान्पोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा त्या नावातून पसरला, वैद्यकीय चाचणीतून नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत अभ्यासाच्या काळातलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. इथेही जपून लिहावं लागतं. ज्यांची तब्येत बरी, त्या जास्त चालतात. म्हणून ‘चालल्यामुळे आयुष्य वाढलं’ असं नाही, ‘जास्त चालणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले’ असं लिहायचं. ‘मुळे’ हा शब्द आरोग्याच्या लेखात उसना मिळत नाही, तो पुराव्याने कमवावा लागतो. काकांना मी हे सगळं वाचून दाखवलं. आता ते सकाळी जमेल तेवढं चालतात.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. लोक ‘शुगर’ म्हणतात, ‘बीपी’ म्हणतात, तर तेच लिहावं. ‘रक्तशर्करा’ लिहून लेख भारदस्त होतो, पण ज्या बाईला रोज गोळी घ्यायची आहे ती तो अर्ध्यात सोडते. गोळी बंद करा किंवा कमी करा असं सुचवणारं एकही वाक्य मात्र जाऊ देऊ नका.

मराठीत मानधन कमी आहे. पहिली काही वर्षं शिकवण्या किंवा भाषांतरं जोडीला ठेवावी लागतात, मलाही लागली. याच काळात मधुमेह बरा करणाऱ्या चूर्णावर ‘लेख’ मागणारे भेटतात. मलाही भेटले, पैसे चांगले होते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो ‘लेख’ म्हणजे जाहिरातच होती. मी नाही म्हटलं.

सुरुवात करायला मोठा आजार नको, घरातला प्रश्न घ्या. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख कांद्यावरचा आहे. कांदा चिरला की पेशी फुटतात, एरवी वेगवेगळी राहणारी द्रव्यं एकत्र येतात आणि गंधकयुक्त वायू तयार होऊन डोळ्यांत जातो. तो आपोआप बनतो असं पूर्वी मानत. त्यासाठी एक स्वतंत्र विकर लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं. कच्चा खर्डा मी सासूबाईंना वाचून दाखवला. ‘विकर’ला त्या थांबल्या, तेव्हा मी लिहिलं, ‘विरजण दुधात काम करतं, तसं कांद्यात काम करणारं एक प्रथिन.’ त्यावर त्या म्हणाल्या, “मग विरजणासारखंच थंडीत त्याचं काम मंदावत असेल ना? कांदा आधी फ्रिजमध्ये ठेवला तर?” मंदावतं. लेखाचा शेवटचा परिच्छेद मी त्यांच्या प्रश्नावरच लिहिला.